नापसंत

मंगळवारी दुपारी तिथे कोणी नसतं,
असं मंदाकिनी खैरनारनंच सांगितलेलं,
आणि आली नाही ती. गुडघा.
मग मी एकटीच, नाशिकरोडहून बसनं,
शालिमारला उतरून चालत.

तिकीट दहा रुपये.
नोट देताना अंगठा आपोआप तिच्या कडेवरून फिरला.
खिडकीतला पोरगा हसला, "खरी आहे ना, मावशी?"
त्याला काय सांगायचं.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये मी हेच केलं,
ताव उलटायचे,
फुटलेली शाई, सरकलेला आकडा, तुटलेली रेघ,
दिसली की तांबड्या पेन्सिलीची काट
आणि पुढचा ताव.

पहिल्या दालनात जलरंग.
सोमेश्वरचे खडक, गंगेवरचे धुणंवाले,
पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर बसलेली एक बकरी.
तिसऱ्या चित्रात देवळाचा कळस विरघळलेला,
ब्रशावरून थेंब पडला असणार,
चित्रकारानं तो टिपलासुद्धा नाही.
माझा हात पर्समध्ये गेला होता.
पेन्सिल नव्हती, बरं झालं.

दुसऱ्या दालनात निसर्ग.
नांदूर मध्यमेश्वरचा चमचा पेंढा भरून उभा,
एक काचेचा डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. काट.
फुलपाखराच्या पाटीवर वेलांटी चुकलेली. काट.
शाळेची एक पोरगी पाणकोंबडीला विचारत होती,
"तू कधी मेलीस गं?"
तिच्यात चूक काढावी असं काही सापडेना.

आणि कोपऱ्यात, दिव्याखाली,
ते अर्धं घरटं.
पाटी अशी:
सुगरण. मखमलाबाद, विहिरीवरची बाभूळ.
नर अर्धं विणून थांबतो.
मादी आत शिरून पाहते. आवडलं तर तो पुढे विणतो.
हे नापसंत.

नाव बाईचं आणि विणायचं त्यानं,
याचं हसू आलं आधी.
मग काचेला नाक लावलं.
उसाच्या पातीचे चिरलेले धागे,
मध्ये द्राक्षबागेतली निळी सुतळी,
कुठून चोरून आणली असेल, नीट ओवलेली.
वळसा वळशात गेलेला. गाठ घट्ट.
चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं,
खाली वाकून, चवड्यांवर उभी राहून.
अर्धा तास.
एकतीस वर्षांची नजर माझी,
आणि दोष सापडेना.

तिला काय दिसलं असेल?

मशीनवर एक रंगनाथ शेवाळे होता.
मी काट मारलेले ताव बघायला यायचा,
बोलायचा नाही, नुसता उभा,
बोटांना निळी शाई.
एका थंडीत डब्यातून बोरं आणली त्यानं,
चांदवडची, मीठ लावलेली.
मी नको म्हटलं.
कारण आत्ता तिथे उभी राहून आठवायला गेले.
घसा खवखवत होता? बाजूला कोणी होतं?
आठवलं नाही.
पुढे त्याची बदली देवासला झाली,
निरोपाच्या वर्गणीत माझे पाच रुपये आहेत.

नापास तावांचं काय व्हायचं ते मी पाहिलंय.
चुरा. पोत्यात मावणार नाही इतका.
आणि हे बाभळीवरून कोणीतरी उतरवलं,
दिवा लावला वर.

पोरीची शाळा रांगेनं निघून गेली.
पंखा एकाच अंगाला घासत होता,
त्याची पाती तपासावी असं वाटलं, सोडून दिलं.

दाराशी पहारेकरी बाई
स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या.
त्यांच्यासमोर थांबले आणि दोन्ही हात वर केले,
रोज पाच वाजता गेटवर करायचे तसे.
"अहो, इथं झडती नसते," त्या म्हणाल्या,
काडी हातातच.
"हो," म्हटलं, "काही नाही माझ्याकडे."
हात खाली यायला
जरा वेळ लागला.